ट्रंपेटचा पोचा

"वाद्य हातात आलं की आधी वास घे. मग बघ. मग हात लाव. आणि वाजवणाऱ्याबद्दल जे कळेल ते पोटात ठेव."

बाबांनी हे सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि त्यांच्या बाकाखाली बसून बुचाचे तुकडे गोळा करत होते. फुंकून वाजवायची सगळी वाद्यं आमच्याकडे दुरुस्तीला यायची. ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट. बाबा गेले आणि बाक माझ्याकडे आला. फुंकणाऱ्या माणसाचं सगळं त्याच्या वाद्यात उतरतं. कोण पितो, कोणाचं पोट साफ नाही, कोणाच्या हिरड्या सुजल्यात, हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. मी कधी कुणाला सांगितलं नाही.

एका सोमवारी दुपारी बाकावर एक ट्रंपेट आलं. पुढच्या भोंग्याच्या कडेला अंगठा बसेल एवढा पोचा होता. साबणाने धुऊन आणलं होतं, पण पितळेला रक्ताचा वास लागला की तो एका धुण्यात जात नाही. ट्रंपेट माझ्या नवऱ्याचं होतं. रक्त काकांचं होतं. ते कसं लागलं हे मी त्याच सकाळी पाच पावलांवर उभी राहून पाहिलं होतं.

"एवढा पोचा काढून दे," हे म्हणाले. "कुणी बघायला मागितलं तर बरं दिसायला हवं."

मी काढून दिला. भोंगा लाकडी ठोकळ्यावर चढवला, आतून गोल लोखंड फिरवलं, बाहेरून चामड्याच्या हातोडीने हलके हलके ठोकत कड जागेवर आणली. अर्ध्या तासात ती अशी गोल झाली की बाबांनीही पाठ थोपटली असती. मग पॉलिश केलं. काम संपवून हात धुताना माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. काय घडलं ते सांगायचं की नाही, हा एकच प्रश्न पुढे सात आठवडे माझ्या मानेवर बसून होता. पोचा काढून मी त्याचं निम्मं उत्तर आधीच देऊन टाकलं होतं.

दुकानाच्या वरच्या खोलीत चौघे जण रोज सकाळी जॅझची तालीम करायचे आणि संध्याकाळी हॉटेलात वाजवायचे. जॅझमध्ये कागदावर थोडंच लिहिलेलं असतं, बाकीचं वाजवता वाजवता सुचावं लागतं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण खाली बाकावर बसून मी अकरा वर्षं ऐकलंय, आणि त्या चौघांसाठी रोज माळेचा एकेक मणी वेगळा ओढलाय.

पियानोवाले मास्तर भित्रे. रस्ता ओलांडताना गाडीवाल्याची माफी मागतील असे. पण पियानोवर बसले की दुसऱ्याची चूक अशी पोटात घालायचे की चुकणाऱ्यालाही पत्ता लागत नसे. ठोक्या ड्रमवर. तरुणपणी त्याने तीन जणांची नाकं फोडली म्हणून हे नाव पडलं, ड्रम नंतर आले. तोच ठोक्या तारांचे कुंचे हातात घेऊन ड्रमच्या कातड्यावर असे फिरवायचा की वाटावं, झोपलेल्या बाळाच्या खोलीतून कुणी चवड्यांवर चालत बाहेर येतंय. काका सॅक्सोफोन वाजवायचे. काका म्हणजे बाबांचे मित्र आणि यांचे गुरू. त्यांचा सूर जाड, उबदार, कडेला जरासा विरलेला, वापरून मऊ झालेल्या घोंगडीसारखा. ऐकणाऱ्याला वाटायचं, या माणसाने जन्मात मुंगी मारली नसेल.

आणि आमचे हे. यांच्या ट्रंपेटच्या वरच्या सुरात एक बारीक थरथर होती. महत्त्वाचं काही बोलायच्या आधी माणसाचा ओठ हलतो तशी. लग्नाआधी मी ती दुकानात ऐकली आणि बाबांना म्हटलं, हाच. बाबांनी त्यांचं ट्रंपेट हुंगलं. म्हणाले, "दारू नाही. पण काहीतरी गिळतोय पोरगा." मी हसले.

माझे नेम साधे आहेत. पहाटे स्नान, दिवा, माळ. दिवसातून एकदाच जेवण. खोटं बोलायचं नाही. आणि उठल्यापासून साडेदहा वाजेपर्यंत मौन. मौन मी बाबांच्या आजारपणात धरलं. देवाला म्हटलं, बाबांना वाचव, माझी सकाळ तुला दिली. बाबा अकराव्या दिवशी गेले. दिलेली सकाळ परत कशी मागायची, म्हणून अकरा वर्षं ती तशीच चालू होती.

हे मला मारायचे ते बहुतेक सकाळीच. आदल्या दिवसाचं काही बिनसलेलं असायचं, ते मला काहीतरी विचारायचे आणि उत्तर यायचं नाही. मग हात उठायचा. एकदा डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. एकदा मनगट असं पिरगळलं की महिनाभर हातोडी धरता येईना. मी ओरडत नसे, वरच्या खोलीत मास्तर बोटं मोकळी करत बसलेले असत, त्यांना खालचं काही कळत नसे. मी समजत होते, मी देवाला दिलेला शब्द पाळतेय.

यांचा हात कुठे शिकला हे मला माहीत होतं. चौदाव्या वर्षी हे काकांकडे शिकायला आले. काकांकडे एक पोलादी पट्टी होती. सूर चुकला की तिची कड बोटांच्या पेरांवर. डाव्या करंगळीचं हाड त्यात मोडलं, ती अजून वाकडी आहे. श्वास लांब व्हावा म्हणून काका यांचं डोकं पाण्याच्या पिंपात धरून ठेवायचे आणि घड्याळ बघायचे. एकदा वर काढलं तेव्हा ओठ निळे झाले होते. ही सगळी हकिकत हे हसत हसत सांगायचे. "मार खाल्ला म्हणून वाजवायला आलं," म्हणायचे, आणि शेजारी बसलेले काका अशी मान डोलवायचे, जशी काही शाबासकी त्यांनाच मिळाली.

त्यात सिनेमा आला.

प्रेमाचा सिनेमा. लाँड्रीत काम करणारी एक मुलगी आणि हॉटेलात ट्रंपेट वाजवणारा एक माणूस. तो कोट धुवायला टाकतो आणि न्यायला येत नाही. ती त्याला शोधायला निघते. गोष्ट एवढीच. मी सिनेमे फार बघत नाही, पण हा तीनदा बघितला आणि तिन्ही वेळा डोळे पुसले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यात कुणी कुणाचा हात धरत नाही, कुणी शपथा घेत नाही. ती मुलगी रोज दुकान बंद करताना त्या कोटावरून ब्रश फिरवते. पहिल्या दिवशी भराभर, धंद्याचा हात. पुढे पुढे तो हात सावकाश होत जातो. वाट बघणं म्हणजे काय ते इतकं स्वच्छ दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. शेवटी ती कोट हातावर घेऊन चार मजले चढते. बंद दाराआड ट्रंपेट वाजतंय. ती थांबते. ट्रंपेट विचारतं, सॅक्सोफोन उत्तर देतो. चार मिनिटं. दार उघडत नाही. तिचा चेहरा दिसतो आणि सिनेमा संपतो.

ती चार मिनिटं आमच्या चौघांची. नायकाचं काम करणारा देखणा नट आठवडाभर दुकानात ट्रंपेट धरायला शिकायला आला होता. गाल असे फुगवायचा की ठोक्या म्हणाला, याला आधी सायकलवाल्याकडे पाठवा, हवा कमी करून देईल. यांनी त्याला बोटं शिकवली, तीही त्याने पडद्यावर उलटी टाकली. हे त्यावर हसले. वाजवणारा मीच आहे ना, म्हणाले. दाराआड मीच आहे.

ठरलं होतं की शेवटचं वाक्य ट्रंपेटचं. पण रेकॉर्डिंगच्या वेळी काका थांबलेच नाहीत. यांनी विचारलं, काकांनी उत्तर दिलं. यांनी ओठ लावायच्या आत काकांनी दुसरं दिलं, मग तिसरं, इतकं खाली, इतकं मऊ की काचेपलीकडे बसलेल्या दिग्दर्शकाने चष्मा काढला. यांचं ट्रंपेट ओठांशी तसंच राहिलं. दिग्दर्शक म्हणाला, हेच ठेवायचं.

सिनेमा असा चालला की विचारू नका. लोक प्रेमाची गोष्ट बघायला एकमेकांची डोकी फोडत होते. दुसऱ्या आठवड्यात तिकिटांच्या रांगेत दोघांनी पट्टे काढून मारामारी केली, एकाची भुवई फाटली, आणि तो तसाच रुमाल दाबून आत जाऊन बसला. हॉटेलात चिठ्ठ्या यायला लागल्या. सगळ्यांवर एकच मागणी, तो शेवटचा सॅक्सोफोन ऐकवा. रोज संध्याकाळी हे ट्रंपेट हातात धरून उभे राहायचे आणि काका वाजवायचे. घरी आरसा फुटला. मग दोन ताटं भिंतीवर गेली. ठोक्या एकदा जिन्यात थट्टेने म्हणाला की वहिनी, यांना एकदा पिक्चरला न्या, शेवटी हिरो कसा गप्प बसतो ते बघू देत. यांनी झांजेचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या बरगडीत घातला. तीन नाकं फोडलेला ठोक्या, पण त्याने हात उचलला नाही. बरगडी धरून म्हणाला, चूक झाली.

पाचव्या आठवड्यातला सोमवार. काकांचा सॅक्सोफोन दोन दिवस माझ्याकडे होता, एका झाकणाखालची कातडी गादी हवा सोडत होती. अशा वेळी नळीत बारीक दिवा सोडायचा, खोलीत अंधार करायचा आणि कुठल्या झाकणाखालून उजेड बाहेर येतो ते बघायचं. मी गादी बदलली आणि दहा वाजता सॅक्सोफोन दोन्ही हातांत धरून वर गेले. मास्तर आणि ठोक्या अजून आले नव्हते. दार उघडंच होतं.

काका यांच्याकडून तोच शेवट वाजवून घेत होते. हातात ती जुनी पट्टी. "पुन्हा," म्हणाले आणि यांनी पुन्हा वाजवलं, आणि पट्टी बोटांवर बसली. चाळिशीच्या माणसाची बोटं. पहिल्या फटक्यानंतर यांनी पुन्हा वाजवलं. दुसऱ्यानंतरही. तिसऱ्या फटक्याला पेर फुटून रक्त ट्रंपेटच्या बटणांवर आलं.

"तुझ्याकडे सांगायला काही नव्हतं, गाढवा," काका म्हणाले, "म्हणून मला बोलावं लागलं."

तेव्हाच यांनी मला दारात पाहिलं. काका पट्टी पिशवीत ठेवायला पाठ करून वाकले. यांनी ट्रंपेट बटणांपाशी मुठीत धरलं आणि वर उचललं.

एक शब्द पुरला असता. काका, एवढाच. तो तोंडात आला होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहाला पंचवीस मिनिटं होती. अकरा वर्षांची सवय अशी की जीभ टाळूला चिकटून राहिली, मी तिला सोडवायला लागले तोवर काका स्वतःच वळले आणि भोंगा त्यांच्या तोंडावर आला. दात पडल्याचा आवाज मोठा नसतो. बटण तुटून फरशीवर पडावं तेवढाच. दुसरा घाव जबड्यावर, तो मात्र ओल्या लाकडासारखा वाजला. काका गुडघ्यांवर आले.

मग मी हलले. पण हातात सॅक्सोफोन होता. वाद्य कधी टाकायचं नाही हे माझ्या हाडात आहे. मी वाकले, कोपऱ्यातली पेटी उघडली, सॅक्सोफोन आत ठेवला, झाकण लावलं, दोन्ही कड्या अडकवल्या. एवढ्यात आणखी तीन घाव पडले. मी यांच्या दंडाला लोंबकळले, त्यांचं कोपर माझ्या कानावर बसलं आणि डोक्यात शिट्टी सुरू झाली. मग ते आपणच थांबले. खोलीच्या मध्यभागी उभे राहिले, धापा टाकत, आणि रोज वाजवून झाल्यावर करतात तसं, बारीक खिट्टी दाबून ट्रंपेटमधलं पाणी फरशीवर काढलं. ते काकांच्या रक्तात पडलं.

पुढचे चार दात, जबडा दोन जागी, वरचा ओठ नाकापर्यंत उभा फाटलेला. सॅक्सोफोनवाल्याला लागतं ते सगळं गेलं होतं.

हे सगळ्यांना सांगत सुटले की काका जिन्यावरून पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता फौजदार चौकशीला आले. मला दोनदा विचारलं, काय बघितलं. मी हात जोडून उभी.

"मुकी आहे का?" त्यांनी यांना विचारलं.

"हो," हे म्हणाले. "सकाळची."

फौजदारांना ते नीट समजलं नसावं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, ट्रंपेट मागितलं, उजेडात फिरवून बघितलं. आरशासारखं लखलखत होतं. छान ठेवलंय, म्हणाले. ते गेले आणि साडेदहा वाजले, आणि मी त्यांच्या मागे गेले नाही. काकांनीही इस्पितळात पाटीवर लिहून दिलं होतं, जिन्यावरून पडलो. सगळेच पडलो म्हणतायत तर मी कोण, अशी माझी समजूत मीच घातली.

मास्तर येऊन रडून गेले. हॉटेलचा वर्षाचा करार आहे, म्हणाले, चौघांचे संसार त्यावर आहेत, काकांच्या जागी कुणीतरी बघू. ठोक्या दारातच उभा राहिला, एका हाताने बरगडी धरून.

"वहिनी, तुम्ही तशाही बोलत नाही," तो म्हणाला. "मग आताच कशाला."

मी रोज दुपारी इस्पितळात जायचे. काकांचे जबडे तारेने बांधून टाकले होते. दातांच्या खिंडीतून नळी घालून पातळ केलेलं काही पाजायचं, ओघळ पुसायचा. ओठावरच्या टाक्यांतून पाणी यायचं. ते उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत राहायचे आणि उजव्या हाताची बोटं पांघरुणावर हलत राहायची, झाकणं दाबल्यासारखी. सहा आठवडे आम्ही त्या सोमवाराबद्दल एक अक्षर काढलं नाही. माळ ओढताना मात्र त्यांच्या मण्यापाशी माझी बोटं अडायची. देवासमोर बसून मी रोज पोचा काढत होते.

घरी सोडलं त्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, सिनेमा बघायचाय. मला आश्चर्य वाटलं. त्यांनी तो बघितलाच नव्हता. वाजवलेलं परत ऐकू नये, म्हणायचे, चुका दिसतात.

मी त्यांना दुपारच्या खेळाला घेऊन गेले. सिनेमा उतरायला आला होता, थिएटर अर्धं रिकामं. ती कोटाला ब्रश मारते तिथे काका पुढे सरकून बसले. शेवटची चार मिनिटं सुरू झाली तेव्हा मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते. मागे एक बाई हुंदका गिळत नवऱ्याला म्हणाली, ऐका हो, कसं वाजवलंय. काकांनी रुमाल तोंडावर दाबला. त्यांच्या घशातून तारेआडून एक आवाज आला, कुत्र्याच्या पायावर चाक गेल्यावर येतो तसा. दिवे लागले, माणसं गेली, झाडणारी बाई झाडू घेऊन आली तरी ते उठेनात. मग वही काढली.

त्यांनी लिहिलं: त्याला सुचलं होतं. त्याने श्वास घेतला तेव्हा मला कळलं. माझ्यापेक्षा चांगलं येणार होतं. म्हणून मी थांबलो नाही.

पान उलटलं.

आता खरं सांगून टाक. पट्टीपासून. पिंपापासून. माझं काही वगळू नकोस.

मी विचारलं, काका, तुम्हीच का नाही लिहून देत. त्यांनी लिहिलं की मी एकदा खोटं लिहून दिलंय, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, तू खोटं बोलत नाहीस हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. खाली आणखी एक ओळ घातली, पेन्सिल इतकी दाबून की कागद फाटला. त्याने शिकवणी सुरू केलीय असं ठोक्या सांगत होता. पट्टी आता तुझ्या नवऱ्याकडेच आहे.

मग मी त्यांना ते सांगितलं जे देवाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तोंडात आलेला शब्द, पेटीच्या दोन कड्या, आणि पोचा. मला वाटलं, काका उठून जातील. त्यांनी लिहिलं, मग तिघांचं सांग. आणि हात पुढे केला. मी त्यावर हात ठेवून म्हटलं, तिघांचं सांगते. झाडणारी बाई म्हणाली, आजोबा, पाय वर घ्या.

चोरून काही करायचं नाही म्हणून त्याच संध्याकाळी मी यांना सांगितलं. उद्या चौकीवर जाणार आहे, तुमचं सांगेन, काकांचं सांगेन, माझंही सांगेन. हे जेवत होते. जेवण संपवलं, हात धुतले आणि झोपायला गेले. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं, आणि मी देवाचे आभार मानले.

सकाळी आठ वाजता मी बाकापाशी दिवा लावून बसले होते. हे खाली आले. माझा डावा हात धरला, हळूच, वाद्य धरावं तसा. आमच्या बाकाला शेगडा आहे, धातू आवळून धरायचा लोखंडी जबडा, दांडा फिरवला की मिटतो. यांनी माझी दोन बोटं त्यात ठेवली आणि दांडा फिरवला. लोखंड चामडीला लागलं. मग अर्धा आटा आणखी.

"जाणार?" हे म्हणाले. "मान हलव. नाही म्हण, सोडतो."

मी मान हलवली नाही. आणखी पाव आटा. नखाखालून रक्त आलं आणि दांड्याच्या बाजूने ओघळलं. यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ होता. त्यांना घाम फुटला होता, ते घाबरलेले होते, आणि तरी दांड्यावरचा हात सराईत होता. मी ओरडणार नाही याची त्यांना खात्री होती. ती खात्री त्यांना मी दिली होती, रोज सकाळी, अकरा वर्षं. देवाने ती सकाळ कधी मागितलीच नव्हती, मीच दिली होती. आणि तिचा उपयोग कोण करतंय ते मी कधी पाहिलं नव्हतं. बोटात काहीतरी काटकीसारखं मोडलं.

"हात सोडा," मी म्हटलं.

मोठ्याने नाही. माझा आवाज मोठा नाहीच. पण हे असे मागे सरले, जसं लोखंडच बोललं. मग भराभर उलटा दांडा फिरवायला लागले, इतक्या घाईने की त्यांचाच हात दोनदा घसरला. बोटं सुटली. ते स्टुलावर बसले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणखी काही येतंय का म्हणून. थोड्या वेळाने ते उठले, भिंतीवरचं ट्रंपेट काढलं आणि जिना चढून वर गेले.

मी पाण्याने हात धुतला. दुसरं बोट मधूनच वाकलं होतं, त्याला सॅक्सोफोनच्या तोंडाशी लावतात ती वेताची एक जुनी पाती आधाराला लावली आणि फडक्याने दोन्ही बोटं मिळून बांधली. देवासमोर बसले. माफी कशाची मागायची ते नीट सुचेना, तेव्हा नुसता नमस्कार केला. काकांची वही पिशवीत घातली. पट्टी, पिंप, घाव, कड्या, पोचा, अशा क्रमाने सांगायचं हे मनात दोनदा म्हणून पाहिलं, काही मागेपुढे होऊ नये म्हणून.

वर यांनी लांब सूर धरायला सुरुवात केली होती. वाजवणारा रोज सकाळी ओठ जागेवर आणण्यासाठी एकेक सूर श्वास संपेपर्यंत धरून ठेवतो, त्यात गाणं नसतं. पहिले दोन हलले. तिसरा स्थिर आला, त्या बारीक थरथरीसकट, आणि इतका भरून आला की मी बाकाला हात लावून उभी राहिले. एवढं चांगलं वाजवणारा माणूस मी दुसरा ऐकलेला नाही, आणि हेही मी चौकीवर कुणी विचारलं तर सांगेन. श्वास संपेपर्यंत मी ऐकलं.

मग चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि चौकीच्या दिशेने निघाले.